नाव ठिवीन

"ताईनं मेल केल्ता. नाव ठिवीन म्हणली," देवानंददादा म्हणाला. "मंग नावबी त्यातच असन."

"असन?" आईने विचारलं. "तू वाचला न्हाई?"

"वाचला. ध्यानात न्हाई."

संध्याकाळी दादाच्या मुलीचं बारसं होतं. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे आमच्या बेबीनंदाताईचा, आणि ती मस्कतला. सकाळपासून तिचा फोन लागत नव्हता. मीही आत्याच, पण धाकटी. मला कुणी विचारलं नव्हतं. शेवटी जुन्या जालन्यातल्या एका नेट कॅफेत आम्ही तिघं एकाच कॉम्प्युटरपुढे दाटीवाटीने बसलो. दादाने पासवर्ड टाकला आणि माऊस माझ्याकडे सरकवला.

"घे कौशे, तुझी बीएस्सी कामी येऊ दे."

ताई आईसाठी रोज दादाला मेल करते आणि प्रत्येकाचा विषय एकच, 'आई'. नुसतं चाळून काही हाती लागणार नव्हतं. मी सर्चमध्ये तिचा पत्ता टाकला आणि पुढे, ती लिहिते तसं इंग्रजी अक्षरांत, 'नाव'. दोन ए लावले तर काहीच नाही. एक ए ठेवला तर ढीग. त्यातला पहिला मेल उघडला, तर सासू तिच्या भाजीला नावं ठेवत होती. दुसऱ्यात ती सासूला ठेवत होती.

"हे नको वाचू," आई म्हणाली, आणि चष्मा सारखा करून पुढे सरकली.

मग 'नाव'च्या जोडीला मी एका वेळी एकच शब्द बदलत गेले. 'मुलगी' चालेना.

"ती मुलगी कशाला म्हणन? लेकरू म्हणती," आई म्हणाली.

'लेकरू'ही चालेना. सर्चला शब्द जसाच्या तसा लागतो. लेकराला, लेकराचं, लेकरानं हे त्याच्या लेखी सगळे परके. 'ठेवीन' टाकून पाहिलं, तेही नाही.

"आई, ताई हे बोलली असती तर कसं बोलली असती?"

आईने मान तिरकी केली आणि नाकातून थेट ताईचा आवाज काढला. "आई गं, लेकराचं नाव ठिवीन."

दादा हसत सुटला. मी 'ठेवीन'च्या 'ठे'मधला इंग्रजी ई काढून आय घातला. एकच मेल आला.

'आई, ह्यांना रजा न्हाई, मला येणं जमत न्हाई. लेकराचं नाव धाकली ठिवीन. तिला सांगा.'

आमच्याकडे 'मी ठिवीन' आणि 'ती ठिवीन' यांत फरक नसतो. दादाने शेवटचा शब्द तेवढा लक्षात ठेवला होता.

"'तिला सांगा' म्हणलीय ताई," मी म्हणाले.

"मंग सांगितलं की आता," दादा म्हणाला. "बराबर टायमावर."

आईने ती ओळ बोट फिरवून पुन्हा वाचली. ऑटोत बसल्यावर ती मला खेटून म्हणाली, "मंग? काय ठिवती?"

लेकराला पहिल्यांदा मांडीवर घेतलं, तेव्हापासून एक नाव माझ्याजवळ होतं.

"आधी तिच्या कानात."

"मी आजी हाय तिची."

"म्हणूनच न्हाई सांगत. पाळण्याच्या आधी गल्लीत पोचन."

आईने तोंड फिरवलं. घर येईपर्यंत ती एकेक नाव पुटपुटत माझ्या चेहऱ्याकडे चोरून बघत राहिली.