तीन निळे टाके, एक लाल गाठ

माझ्या धाकट्या मुलीला जुळं झालं, त्या वर्षाची ही गोष्ट. दोन तान्ह्यांना सांभाळताना तिच्या नाकी नऊ आले, म्हणून तिची थोरली लेक वर्षभरासाठी आमच्याकडे राहायला आली. आमच्या घरात मी आणि माझी मोठी बहीण आक्का, दोघंच. पोर सात वर्षांची, दुसरीत शिकणारी. एका जागी दोन मिनिटं टिकत नसे, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत.

तिला सोडायला आलेली मुलगी निघता निघता म्हणाली, "बाबा, बाकी गुणाची आहे ती. फक्त शाळेचे कपडे हरवते. गेल्या वर्षी दोन स्वेटर आणि एक बेल्ट गेला. मोज्यांचा तर मी हिशोबच सोडला."

"ते माझ्यावर सोड," मी म्हणालो. "एकतीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईखात्यात काढलीत. रोजच्या चारशे चादरी, एक इकडची तिकडे झाली नाही."

"झाली का सुरुवात चादरींची?" आक्का आतून म्हणाली.

पण मी खोटं बोलत नव्हतो. मला लिहिता-वाचता उशिरा आलं, नोकरी संपत आली तेव्हा. तोवर आमचं सगळं काम दोऱ्यावर चालायचं. प्रत्येक विभागाची एक खूण कपड्याच्या आतल्या कडेला शिवलेली असायची. मुलांच्या विभागाची हिरवी फुली, शस्त्रक्रियेच्या विभागाचे दोन काळे टाके. खूण बघायचीही गरज नसे, अंगठा फिरवला की कळे. आणि एक नियम होता. कपडा ज्या विभागाच्या बोचक्यातून आला, तो त्या विभागाचा. त्यावर खूण नसेल तर ती धुण्यात उसवली असं धरायचं, नवी घालायची आणि पुढचा कपडा उचलायचा. विचार करत बसलं तर दुपारपर्यंत डोंगर साचे.

भिंगरीसाठी मी खूण ठरवली, तीन निळे टाके आणि खाली एक लाल गाठ. शाळेने कपड्यांवर नाव घालायला सांगितलं होतं, पण पेनाचं नाव चार धुण्यांत जातं. मी तिच्या चौदा कपड्यांना एका बैठकीत खुणा घातल्या.

आक्का बघत होती. "पोरीलाही दोन टाके घाल, म्हणजे तीही हरवायची नाही."

रोज शाळेतून आली की भिंगरी दारातच उभी राहायची आणि आम्ही मोजणी करायचो. स्वेटर, बेल्ट, दोन मोजे, टोपी. सगळं जागेवर असलं की ती "हजर!" असं ओरडायची. दोन महिने काहीही हरवलं नाही. मी फोनवर मुलीला सांगताना जरा फुशारकी मारत होतो, हे कबूल करतो.

मग एके दिवशी ती घरी आली ती स्वेटरशिवाय. दप्तर कोपऱ्यात टाकलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

"स्वेटर कुठे गं?"

"बाईंकडे."

"बाईंकडे कशाला?"

आक्काने मांडीवर घेतलं तेव्हा भिंगरीने हुंदके देत सगळं सांगितलं. वर्गातल्या एका मुलीची आई कपडे शिवते. ती लेकीला न्यायला आली होती. तिने भिंगरीच्या स्वेटरचं कोपर बघितलं आणि म्हणाली, हा आमचा, हे रफू मी केलंय. आतून बघितलं तर गळ्याच्या पट्टीला आमची खूण. "ती म्हणाली, स्वेटर चुकून बदलतो, पण खूण कोणी चुकून घालत नाही. आता सगळे मला चोर म्हणतात."

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. ताटातलं चिवडत बसायची. मुलीचा फोन आला. बाईंनी तिलाही कळवलं होतं. "बाबा, मी येऊन घेऊन जाऊ का तिला? शाळाच बदलू या." तिच्या मागे दोन्ही बाळं रडत होती.

त्या दुपारी मी उंबऱ्यापाशी बसलो आणि मला आठवलं. तीनेक आठवड्यांपूर्वी रविवारचं धुणं झालं होतं. स्वेटर वाळून आला, मी घडी घालताना अंगठा फिरवला, खूण लागली नाही. उसवली म्हणायची, असं मनात आलं आणि हाताने सुई उचलली. कोपराचं रफू दिसलंसुद्धा होतं मला. आक्काने केलं असेल असं वाटलं. घरच्या बोचक्यातून आलेला कपडा, म्हणजे घरचा! माझ्या एकतीस वर्षांच्या सवयीने माझ्या नातीला चोर ठरवलं होतं.

मी आक्काला सांगितलं. तिने कपाळावर हात मारला.

"बाबू, तुझी अक्कल उकळत्या पाण्यात धुतलीस की काय? पार आटली की!"

"आता काय करू?"

"चप्पल घाल. मीही येते. तू एकटा गेलास तर चादरी सांगत बसशील."

शाळेत बाईंनी त्या शिवणवाल्या बाईलाही बोलावून घेतलं. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. खूण मी घातली, पोरीला त्यातलं काही माहीत नाही. शिवणवाल्या बाईने शांतपणे ऐकून घेतलं. ती वाईट बाई नव्हती.

"आजोबा, रागावू नका," ती म्हणाली, "पण नातीसाठी कोणताही आजोबा असंच म्हणेल. चुकून बदलला असेल तर तुमच्या नातीचा स्वेटर कुठे आहे? माझ्या मुलीकडे तर नाही. ती तीन आठवडे जुन्याच स्वेटरवर येतेय."

तो स्वेटर सापडला तरच पोरीच्या कपाळावरचा डाग पुसला जाणार होता.

बाई म्हणाल्या, "हरवलेलं सामान मावशींकडे असतं. बघू या."

मावशी म्हणजे शाळेची झाडलोट आणि घंटा बघणारी बाई, माझ्याच वयाची. जिन्याखाली तिची अंधारी खोली होती. एका कोपऱ्यात सापडलेल्या कपड्यांचा ढीग छतापर्यंत गेला होता. ती स्टुलावर बसूनच म्हणाली, "शोधा बाबा. गेली चार वर्षं कोणी न्यायला येत नाही. फक्त आणून टाकतात."

मी बाह्या सरसावल्या. आधी जात वेगळी केली, टोप्या एकीकडे, बेल्ट एकीकडे, स्वेटर एकीकडे. मग माप. दुसरीच्या मापाचे एकोणीस स्वेटर निघाले. एकेकाच्या गळ्याच्या पट्टीत अंगठा घातला. कशावर पुसट शाई दिसली, कशावर काहीच नाही. एकोणिसावाही खाली ठेवला, तरी आमची खूण लागली नाही. शिवणवाल्या बाईने नजर दुसरीकडे वळवली.

"मावशी," आक्का एकदम म्हणाली, "तुम्ही कशावर बसलात हो?"

"स्टुलावर."

"ते दिसतंय. स्टुलावर काय आहे?"

मावशी जरा ओशाळली. "गुडघे दुखतात ना. उंची कमी पडते. म्हणून दोन-तीन घड्या घातल्यात खाली."

"उठा बघू जरा."

मावशी उठली. खाली एक जुना पडदा, त्यावर एक शाल आणि सगळ्यात वर चपटा झालेला स्वेटर. मी तो उचलला. पट्टीत अंगठा फिरवला. एक, दोन, तीन, आणि खाली गाठ.

मी तो शिवणवाल्या बाईच्या हातात दिला. तिने उजेडात नेऊन उलटा केला आणि तोंडावर हात ठेवला.

"हा मैदानाच्या कठड्यावर मिळाला होता," मावशी म्हणाली. "मुलांच्या पळण्याच्या शर्यती झाल्या त्या दिवशी. सगळ्यांनी स्वेटर काढून एकावर एक टाकले होते. शेवटी हा एकच उरला. अगं बाई, आणि मी त्यावर तीन आठवडे बसतेय!"

"उबवलात चांगला," आक्का म्हणाली. बाई हसल्या, आणि मग आम्ही सगळेच हसलो. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं ते कशाचं होतं, हे कोणी विचारलं नाही.

घरी आलो तेव्हा भिंगरी खाटेवर पडून होती. मी स्वेटर तिच्या पोटावर ठेवला. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग पट्टीत बोट घातलं.

"सापडला?"

"सापडला. मावशींच्या स्टुलावर. चूक माझी होती, बाळा. तुझी काही नव्हती."

"मग मी चोर नाही ना?"

"नाही."

"बाईंना माहितीये?"

"बाईंना, त्या मुलीच्या आईला, सगळ्यांना."

तिने मोठा श्वास सोडला. मग उठून स्वयंपाकघरात गेली आणि आक्काला म्हणाली, "भूक लागलीय." आक्काने वाढलेलं सगळं तिने संपवलं आणि पुन्हा मागितलं. मी मुलीला फोन लावला आणि शाळा बदलायची नाही एवढंच सांगितलं. पलीकडून ती नुसती नाक ओढत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात जाऊन मुलांसमोर चूक सांगितली. पुढच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, "मग आजोबांना शिक्षा काय?" बाई म्हणाल्या, "आजोबांनी सगळ्या वर्गाच्या कपड्यांना खुणा घालायच्या." शिवणवाली बाई आपणहून सुई घेऊन आली. पण त्याआधी तिने भिंगरीला जवळ बोलावलं, तिच्यासमोर माझे चुकीचे टाके उसवले आणि म्हणाली, "मी चुकले गं." भिंगरी लाजून माझ्या मागे लपली. थोड्या वेळाने दोघी मुली दोऱ्याच्या रिळांवरून भांडत होत्या, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

चौतीस मुलं, चौतीस खुणा. बाईंनी त्यांचा तक्ता करून दाराला लावला. मी त्यात एक नवा नियम टाकायला लावला, की खूण नसलेला कपडा घरी आला तर आधी विचारायचं, सुई नंतर. वर्ष संपताना जिन्याखाली आमच्या वर्गाचा एकही कपडा नव्हता, आणि मावशीला बसायला बाईंनी एक जाड उशी आणून दिली.

आक्का त्यानंतर तिसऱ्या वर्षी वारली. बुधवार होता, सकाळचे नऊ वाजले होते. तिला एक्क्याऐंशीवं चालू होतं. 'पोरीलाही दोन टाके घाल, म्हणजे तीही हरवायची नाही,' हे तिचं बोलणं मला तेव्हा आठवलं; आक्काला मात्र टाके घालायचे राहूनच गेले.