गिरजेची सावड

"गो राहे, कुणी तुझ्या शेतात पाठ वाकवली ना, तर त्याच्या शेतात तुझी पाठ वाकलीच पायजे. जेवू घातलंस म्हंजे फिटलं, असं समजू नको."

सासू धोंडूबाईला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी सकाळी तुळशीला पाणी घालताना राहीबाईच्या कानात हे शब्द यायचे. उंबरमाळ ही पोलादपूरच्या वरच्या अंगाची, डोंगरमाथ्यावरची वाडी. कर्ती माणसं मुंबईला, मागे गुरं, भाताची थोडी खाचरं आणि बाया. म्हणून लावणीला आज सगळ्यांनी एकीच्या खाचरात उतरायचं, उद्या दुसरीच्या. हीच सावड. तिच्यात पैसा चालत नाही. हाताला हातच द्यावा लागतो.

त्या माघात वाडीवर परदेशातली मंडळी राबायला आली. देशोदेशी स्वयंसेवक धाडणाऱ्या एका संस्थेची. वाडीखालच्या झऱ्याला ती दगडी कुंड बांधून देत होती. गटाची प्रमुख केनियाची, उंच, हसरी, नाव ग्रेस. वाडीतल्या रखमाने पहिल्याच दिवशी तिची गिरजा करून टाकली, आणि तीही त्या नावाला ओ देऊ लागली.

कुंड होणार होतं, पण पाणी वर वाडीत चढायचं तर पंप हवा, नळ हवा. ते पुढच्या वर्षीचं काम. आणि पुढच्या वर्षी संस्था येणार ती जिथे तिचा भागीदार असेल तिथेच. गेल्या वैशाखात वाडीतली वैशाली पोटुशी असताना हंडे घेऊन झऱ्यावरची चढण चढत होती, मध्येच बसत होती. राहीबाईला ते बघवलं नव्हतं. म्हणून तिने संस्थेच्या महाडच्या कचेरीतल्या अमिताला विचारलं, वाडीचं महिला मंडळ भागीदार झालं तर?

"मावशी, तुमचं मंडळ लाभार्थी म्हणून दाखवते मी," अमिता हळूच म्हणाली. "भागीदाराला संस्थेसाठी काहीतरी द्यावं लागतं. नाते गावच्या शाळेने बघा, या सगळ्यांना राहायला खोल्या दिल्यात. तुमच्याकडे काय आहे द्यायला?"

"भागीदार म्हंजे वाटा मागणार," रखमा मध्येच म्हणाली. "कसला वाटा गो, चिखलाचा?"

बाया हसल्या. राहीबाई हसली नाही. लाभार्थी हा शब्द तिला टोचला होता. इतके दिवस ही पोरं आपल्यासाठी दगड वाहताहेत आणि आपण नुसतं घ्यायचं? ती संध्याकाळी दारोदार फिरली. "आपल्यावर सावड चढलीया. फेडाय जायचं."

रविवारी मंडळींची सुट्टी. नात्याच्या शाळेच्या आवारात सगळे कपडे धूत बसले होते, आणि फाटकाशी टेम्पो थांबला. त्यातून उंबरमाळच्या बाया उतरल्या, पदर खोचलेल्या. ग्रेस घाबरलीच. तिला वाटलं, तक्रार घेऊन आल्या. तिने अमिताला फोन लावला. अमिता महाडहून धावत आली, तोवर रखमाने एका गोऱ्या मुलाच्या हातातली चिखलाची पँट ओढून घेतली होती.

"सोड रे! तुला धुता येतंय व्हय?"

"मावशी, असं नाही चालत!" अमिता कळवळली. "यांनी तुमच्याकडून आपली कामं करून घ्यायची नाहीत, संस्थेचा नियम आहे."

"मग काम सांग. आमी हात हलवत परत जायाच्या नाय."

शाळेचे श्रीपत गुरुजी हे सगळं ओट्यावरून बघत होते. ते खाली आले. "मागचा गडगा गेल्या पावसात ढासळलाय. ते काम केव्हाचं रखडलंय."

बाकी बोलणं झालंच नाही. दगडावर दगड रचून, चुना-सिमेंट न घालता उभी करायची भिंत म्हणजे गडगा. वाडीत प्रत्येकीच्या खाचराला तो असतो. बाया दगड निवडू लागल्या, पोरं कपडे पिळायचे सोडून दगड वाहू लागली. ग्रेसने रचलेला दगड वैशालीने दोनदा उपसला. "गिरजे, त्याचं तोंड आत कर, न्हायतर रुसून पडंल!" ऊन कलताना गडगा टेकडीच्या अंगाला सरळ उभा राहिला. एक कोपरा तेवढा उरला.

"त्यो पुढल्या आठवड्यात, सोमवारी येऊन करते गुरुजी," राहीबाई म्हणाली.

"पण बाई, राबले हे, आणि गडगा माझा. ही सावड फिटली कशी?"

"गिरजा आमच्याकडं राबली. तुमी तिला आसरा दिलात, म्हंजे गिरजेचं सोयरं. सोयऱ्याचं केलं म्हंजे तिचंच केलं. आन् गावाचं नावच नाते, अजून काय पायजे?"

अमिताने ते ग्रेसला सांगायला तोंड उघडलं आणि थबकली. सावडीला इंग्रजी शब्द सापडेना. मग तिने सगळी गोष्टच सांगितली, खाचरापासून. ग्रेस ऐकत राहिली. तिच्या आजीच्या गावीही असंच चालायचं, म्हणाली. त्या रात्री अमिताने मुख्य कचेरीला लिहिलं, की या मंडळाकडे द्यायला काय आहे ते मी डोळ्यांनी बघून आले.

आठवड्याच्या आतच होकार आला, आणि पुढच्या सोमवारी कुंडात पहिलं पाणी भरलं. संस्थेचा फलक झऱ्याशी लागला: भागीदार, उंबरमाळ महिला मंडळ. पंप आणि नळ पुढच्या वर्षी, नक्की. ढोल वाजला. रखमाने फलकाला कुंकू लावलं.

"वाचून दाखव गो परत!" ती वैशालीला म्हणाली. वैशालीने मोठ्याने वाचलं, कडेवरच्या लेकराला उचलून उंच धरलं. ग्रेस फुगडीत सापडली होती. अमिता रडत होती आणि हसतही.

राहीबाईने झऱ्याला हात जोडले. तिचा सोमवारचा उपवास होता, प्रसादाचं केळं तिने पदरात बांधलं. ढोल रंगात आला होता, पण गडग्याचा कोपरा उरला होता. कुणाला न सांगता तिने पदर खोचला आणि नात्याच्या वाटेने डोंगर उतरायला लागली.