टिचभर अंतर

मी एक जुना पृथ्वीगोल आहे. नीट पाहा मित्रांनो, माझ्यावर दोन पांढरे डाग दिसतील. तिथे दोन शहरं होती. ती समुद्रात बुडाली नाहीत, एका माणसाच्या बोटांनी खाल्ली.

कारखान्यात माझ्यावर रंगीत पट्ट्या चिकटवल्या, तेव्हा खोट काढायला जागा नव्हती. घेर एवढा, की दुकानाच्या दारातून आत नेताना हमालांनी मला शिव्या घातल्या. दुकान विमानाच्या तिकिटांचं. मला काउंटरवर बसवलं आणि माझी नोकरी सुरू झाली.

दुकानदाराला सगळे टिचभर काका म्हणत. गिऱ्हाईक आलं की ते एका शहरावर अंगठा टेकवत, तर्जनी ताणून दुसऱ्यावर ठेवत आणि म्हणत, टिचभर तर आहे, चार तास. त्या गल्लीतले निम्मे लोक त्या दुसऱ्या शहरातून कामाला आलेले. म्हणून रोज तीच शहरं, तीच बोटं. लोक खूश होत, माझं कौतुक करत. मीही फुगलो होतो. गोलच मी, मला काय अवघड?

एक दिवस कपडे शिवणारी ताई आली. त्याच दुसऱ्या शहरात तिच्या आईच्या घशाचं ऑपरेशन परवा सकाळी होतं. त्यानंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं. आई फोनवर एवढंच म्हणाली होती, की तुला एक सांगायचंय, पण फोनवर नाही, समोर येऊन बस.

"काका, उद्या संध्याकाळी मी आईजवळ असेन ना?"

"अगं, टिचभर तर आहे. संध्याकाळचा चहा आईबरोबर घेशील."

तिनं तिथूनच आईला तसं कळवलं.

थेट विमान होतं. जागाही होती. पण मधे विमान बदलायच्या तिकिटावर काकांना जास्त पैसे सुटायचे, म्हणून त्यांनी तेच गळ्यात मारलं. मधे जरा थांबायचं, एवढंच, म्हणाले. वेळा तिकिटावर छापलेल्या होत्या. तिनं बोटांवर विश्वास ठेवला.

चार तास हवेतले, तेही सरळ उडालं तर. विमानतळावर आधीपासून रांगेत उभं राहणं, तिसऱ्याच शहरात बाकड्यावर ताटकळणं, तिकडचं घड्याळ इकडच्यापेक्षा पुढे असणं, यातलं काहीच काकांच्या दोन बोटांत मावत नव्हतं. ताई दवाखान्यात पोहोचली, तेव्हा आईला आत नेऊन बराच वेळ झाला होता.

आई वाचली. हसते, हात धरते. तिला लिहिता येत नाही. सांगायचं होतं ते राहिलं.

परतल्यावर ताई दुकानात आली. भांडेल म्हणून काकांनी आधीच खुर्ची मागे सरकवली. तिनं माझ्यावर आईचं शहर शोधलं. तिथे पांढरा डाग.

"आत नेईपर्यंत आई नर्सला विचारत होती, टिचभर वाटेला एवढा वेळ का लागतोय?"

काका विमान कंपनीच्या नावानं बोटं मोडत राहिले. मग त्यांनी मला कपाटावर टाकलं आणि कॉम्प्युटर आणला. आता पडद्यावर बोट ठेवून सांगतात, चार तास. सवय सोडली नाही, मला सोडलं.

मित्रांनो, माझी धूळ पुसा, असं मी म्हणणारच. धुळीत पडायला कोणाला आवडतं? पण कोणी तास सांगितले, तर आधी तोंडावर विचारा, कुठल्या दारापासून कुठल्या दारापर्यंत? आणि ते डाग रंगवून मला नवा करू नका. त्यातल्या एका डागात एक आई बसली आहे. तिला काय सांगायचं होतं, ते फक्त तिला ठाऊक आहे.