बाळाने घेतलेला घास

स्क्रीनवरचा आकडा बघितला आणि माझ्या पायाखालची जमीनच सरकली. गेल्या आठवड्यापर्यंत गुणी वाटणारा तारा आज वीसपट जोराने बोंबलत होता.

"रिसीव्हर गेला!" मी ओरडले. आमच्या रेडिओ दुर्बिणीवर नियमच आहे, आकडा उडाला की आधी आपलं लहरी टिपणारं यंत्रच बिघडलं असं समजायचं.

आज तर मला बिघाड हवाच होता. सोमवारी माझा प्रबंध द्यायचा होता, आणि त्यात मी एवढंच सिद्ध केलं होतं की हा कोवळा तारा, आमचं बाळ, भोवतीच्या वायू-धुळीच्या चकतीतून चिमूट चिमूट खातो. लेकराला मक्याची पेज भरवावी तसं, रोज सारखंच.

आमचे वयस्कर इंजिनियर रा मोत्सुमी पाना घेऊन आले; 'रा' म्हणजे इकडे आदराने म्हणायचं 'बाबा'. "नाचता तुमच्या ताऱ्याला येईना, अन् अंगण माझं वाकडं होय गं, पोरी?"

"उघडा ना, रा मोत्सुमी."

"उघडला की आठवडाभर दुर्बीण बंद. आधी शेजारणीला विचारू."

शेजारीण म्हणजे त्या ताऱ्याजवळचाच एक जुना रेडिओ स्रोत. त्याचा आकडा कधी म्हणून हलत नाही. रिसीव्हर बिघडला असेल तर तोही वीसपट दिसणार. दुर्बिणीची ताटली तिकडे वळली. वाढ गं बाई, वाढ, मी मनात विनवत होते.

आकडा होता तिथेच होता.

यंत्र ठणठणीत होतं. चकतीतला अख्खा गोळा बाळात कोसळला होता, त्याने ते भडकलं होतं, आणि तापलेला भोवतीचा वायू ओरडत होता. चिमूट कसली! तोबरा भरला होता मेल्याने!

"केवढा गोळा?" रा मोत्सुमींनी विचारलं.

"शंभर पृथ्वींच्या वजनाचा."

"अगं आई! म्हणजे व्हायच्या आधीच ग्रह गिळला?"

"असेल."

"आणि तुझा प्रबंध?"

"तोही."

ते हसले नाहीत. दार लावून घेऊन हळूच म्हणाले, "मी अजून रिसीव्हर उघडू शकतो. आठवडाभर कुणाला काही दिसणार नाही. तोवर सोमवारी तुझा प्रबंध देऊन होईल."

मी त्यांच्या हातातला पाना हिसकावून घेतला.

"हात लावाल तर बघा! ताटली बाळाकडे वळवा," मी म्हणाले, आणि तिथेच ओक्साबोक्शी रडू लागले.