निळं फडकं

डोमाजीने काटेरी लगाम कमरेला खोचला होता, तोही असा की मुलीला सारखा दिसत राहावा. लोखंडाची एक कांडी, आणि आतल्या अंगाने खिळ्यांसारखी टोकं. ती घोडीच्या जिभेवर बसली की घोडी मान मोडते, पाय उचलते, जागच्या जागी थुईथुई करते, आणि वरातीतले लोक म्हणतात, काय नाचते बाप्पा. ती नाचत नसते. ती स्वतःचं रक्त गिळत असते. तीस वर्षं लग्नात घोड्या पुरवणाऱ्या डोमाजीला हे ठाऊक होतं. वरातीतल्या मामा-काकांना ते ठाऊक करून घ्यायचं नव्हतं.

"एकदा बिचकली," डोमाजी म्हणाला, "तं हे तोंडात. आन् उद्या सकाळी भट्टीवाल्याचा टेम्पो दारात."

"माहीत आहे, बाबा," संघप्रिया म्हणाली. "चाळीस दिवसांपासून तेच आयकून राह्यली."

चौदा एप्रिल. साडेचार वाजले होते तरी भद्रावतीच्या रस्त्याचा चटका चपलेतून लागत होता. विहारासमोर जयंतीची मिरवणूक जमत होती आणि संघप्रियाच्या हातात मैनाची दोरी होती. नुसती मोरकी आणि दोरी. तोंडात काही नाही.

मैना सात वर्षांची पांढरी घोडी. मार्चच्या सुरुवातीला वरोऱ्याकडच्या एका लग्नात कोणीतरी तिच्या पोटाखाली फटाक्यांची लड लावली. ती उधळली, नवरदेव पडला, त्याचा हात मोडला. लड कोणी लावली हे कोणी विचारलं नाही. घोडी कोणाची हे सगळ्यांनी विचारलं. डोमाजीने घरी येऊन तिला खुंट्याला बांधून मारलं आणि दुसऱ्या दिवशी विटाभट्टीवाल्याला फोन केला.

भट्टीवरचे घोडे संघप्रियाने पाहिले होते. ती गुरांच्या दवाखान्यात मदतनीस होती आणि डॉक्टरांबरोबर तिकडे गेली होती. पाठीवर बसलेल्या माशा उठवायचं त्राणही त्यांच्या शेपटीत नव्हतं. ती बापाला म्हणाली, जयंतीपर्यंत मला द्या. मिरवणुकीत लगामाशिवाय, चाबकाशिवाय नीट चालली तर घोडी राहील. नाही चालली तर भट्टीवर धाडा, मी तोंड उघडणार नाही.

तिने जे केलं ते मोबाईलवर पाहून केलं. गोष्ट साधी होती. घोडीने हवं ते केलं की जिभेने 'टक्' असा आवाज करायचा आणि लगेच मीठ लावून भिजवलेले चणे द्यायचे. नाही केलं तर काही नाही. शिवी नाही, फटका नाही. घोडीला पहिल्यांदा कळावं म्हणून एका काठीच्या टोकाला फडकं बांधायचं. त्याला नाक लावलं की टक्, आणि चणे. मग काठी जाईल तिकडे घोडी जाते. दहाव्या दिवशी मैना काठीच्या मागे पाण्याच्या डबक्यातून चालत गेली. ज्या डबक्यापाशी डोमाजीने पूर्वी दोन चाबूक मोडले होते, तेच डबकं. मग कॉलनीमागच्या पडीक मैदानात लांबून डीजेचं गाणं, रोज थोडं जवळून. मग लवंगी फटाका, लांबून, आणि चणे. घोडी दचकायची, फडकं शोधायची, नाक लावायची, आणि शांत व्हायची.

फडकं निळं होतं. घोड्याला निळा रंग चांगला दिसतो असं तिने वाचलं होतं, आणि घरात गेल्या जयंतीच्या झेंड्याचं कापड पडलेलं होतं. तिला स्वतःच्या अकलेचं कौतुक वाटलं होतं. काठी हातात दिसली की लोक चाबूक म्हणतील, म्हणून आज ती मात्र घरीच ठेवली होती.

"काय वं संघू," सोमाजी भाऊ म्हणाले. ते मंडळाचे अध्यक्ष, खाणीतून रिटायर झालेले. "घोडीच्या तोंडात काहीच नाई? बिनाब्रेकची गाडी आणली का?"

"ब्रेक आहे भाऊ. चण्याचा आहे."

ते हसले, पण डोमाजीकडे पाहून हसले. मग त्यांनी आपली नात खुशबू हिला उचलून मैनावर बसवलं. नऊ वर्षांची पोरगी, अंगात निळा कोट, डोळ्यांवर गोल चष्मा, छातीशी जाडजूड पुस्तक. दरवर्षी घोडीवर मुलगा बसायचा. यंदा खुशबूने आठ दिवस घरात भांडून ही जागा घेतली होती.

मैनाने मान वळवली आणि खुशबूच्या कोटाच्या काठाला नाक लावलं.

"मावशी, ही मले गुदगुल्या करते."

संघप्रियाला हसू आलं. जिभेला सवयच लागली होती, टक् असं झालंच. आणि हात ओटीतल्या चण्यांकडे गेला. घोडीने चणे खाल्ले. मिरवणूक निघाली.

विहाराच्या वळणापर्यंत मैना चांगली चालली. कान पुढे, पाऊल सैल. डोमाजी उजव्या बाजूने चालत चूक शोधत होता, आणि ती मिळत नव्हती. मग वळणावरून मुख्य रस्ता दिसला. दोन्ही बाजूंच्या गच्च्यांवर, विजेच्या खांबांवर, रिक्षांवर, पोरांच्या हातात, पोरींच्या कपाळावर, जिकडे पाहावं तिकडे निळे झेंडे, निळ्या पट्ट्या.

मैना थांबली. कडेला एक पोरगा झेंडा घेऊन उभा होता. तिने मान लांब केली, झेंड्याला नाक लावलं आणि संघप्रियाकडे पाहिलं.

संघप्रियाचा ओटीकडे निघालेला हात मधेच थांबला.

चाळीस दिवस मैदानात निळं असं एकच होतं. आज शंभर होती, दोनशे होती, आणि एक तर घोडीच्या पाठीवर बसलं होतं. मैनाचं काही चुकत नव्हतं. ती धडा म्हणून दाखवत होती. आता चणे दिले तर ती प्रत्येक झेंड्यापाशी जाणार. नाही दिले तर तिला वाटणार, बाईला दिसलं नाही, जरा जोरात करावं.

तिने दिले नाहीत. दोरी हलकेच ओढून पुढे चालली.

दुसऱ्या झेंड्याला मैनाने नाक दाबून लावलं. तिसऱ्याला ढुसणी दिली. लोक हसायला लागले.

"घोडी बी आपलीच आहे रे," कोणीतरी ओरडलं. "ध्वजाले मान देऊन राह्यली."

चौथ्या झेंड्याचं कापड तिने दातात धरलं आणि पोराच्या हातातून हिसकलं. कापड टर्रकन फाटलं. हसणं एकदम थांबलं.

"ध्वज फाडला बे तिनं."

"डोमाजी, काय जनावर आणलं हे?"

डोमाजीचा हात कमरेला गेला. "संघू."

"बिचकली नाई बाबा. बिचकली का? सांगा."

"मंग हे काय होय?"

तिने मैनाच्या तोंडातून कापड सोडवून घेतलं, घडी करून त्या पोराला दिलं, आणि पाय उचलले. चौक ओलांडला की रस्ता रुंद होता, तिथे गर्दी पातळ होणार होती. चौक दीडशे पावलांवर होता. तिने ओटीत चाचपलं. चणे अर्ध्यावर आले होते.

चौकात डीजेची गाडी उभी होती. तिच्या आवाजाने दुकानांचे शटर थरथरत होते. मैनाच्या मानेची कातडी थरथरली, पण पाय नाही थरथरले. संघप्रियाने टक् केलं, चणे दिले. घोडी चालली. डोमाजीने हे पाहिलं. त्याने पाहिलं हे संघप्रियाने पाहिलं.

आणि मग डाव्या हाताला कोणीतरी दहा हजाराची लड पेटवली.

मैना उधळली नाही. हे नंतर कोणी सांगणार नव्हतं, म्हणून इथे सांगून ठेवलं पाहिजे. पोटाखाली लड फुटलेली, नवरदेव पाडलेली, मार खाल्लेली ती घोडी, पाच हातांवर दहा हजाराची लड कडाडत असताना उधळली नाही. घाबरली की काय करायचं ते तिला शिकवलेलं होतं. निळं शोधायचं. समोर बायांचा जथा होता, पांढरी लुगडी आणि वीस-पंचवीस निळे झेंडे. ती तिकडे वळली आणि छातीने गर्दीत घुसली.

दोरी संघप्रियाच्या तळव्यातून सरकली, कातडं सोलून गेली. बाया किंचाळत बाजूला झाल्या. एक पडली, तिला दुसरीने ओढून घेतलं. खुशबूच्या हातातलं पुस्तक खाली गेलं, चष्मा एका कानावर लोंबायला लागला, आणि तिने दोन्ही मुठींनी आयाळ धरली. ती रडत नव्हती. ओठ पांढरे पडले होते.

मैना झेंड्यामागून झेंड्याला नाक मारत होती. कोणीच टक् म्हणत नव्हतं. ती जास्त जोरात मारायला लागली, पुढचा पाय रस्त्यावर आपटायला लागली.

"सोड ते दोरी," डोमाजी मधे घुसला. लगाम त्याच्या हातात होता. "बाजूले हो."

"नाई."

"पोरगी मरन, संघे."

"तोंडात लोखंड गेलं की उभी होईल ती. दोन पायावर. मंग पडन पोरगी." ती बापाच्या आणि घोडीच्या तोंडाच्या मधे उभी राहिली. "वरोऱ्याले काय होतं तिच्या तोंडात? सांगा ना. नवरदेव पडला तवा काय होतं? हेच होतं. तुम्हीच घातलं होतं."

डोमाजीचा हात थांबला. थांबला एवढंच, खाली आला नाही.

जथ्याच्या पुढे गिरजाबाई होती. सत्तरीची बाई, दरवर्षी बांबूवरचा मोठा झेंडा ती धरायची, कोणाला हात लावू द्यायची नाही. सगळ्या बाया सरकल्या, ती तिथेच उभी होती.

"गिरजाबाई," संघप्रिया म्हणाली, "तुमचा झेंडा खाली करा. हिच्या नाकापुढं धरा, दुसरं काई दिसू नका देऊ. आन् मागं मागं चाला, त्या गल्लीकडं."

"डोकं ठिकाणावर आहे का तुहं?" सोमाजी भाऊ धापा टाकत आले होते. "ध्वज खाली? जनावराच्या नाकाले? आजच्या दिवशी?"

"नात तुमची आहे वर, भाऊ."

"म्हणून ध्वज..."

"सोमा," गिरजाबाई म्हणाली, "ध्वज माह्या हातात आहे. तुह्या नाई."

तिने बांबू कलता केला. ते मोठं कापड हळूहळू खाली आलं. आजूबाजूची दोन पोरं हात पुढे करून धावली आणि गिरजाबाईच्या चेहऱ्याकडे पाहून जागीच थांबली. कापड मैनाच्या डोळ्यांपुढे आलं. डीजेची गाडी दिसेना, बाकीचे झेंडे दिसेनात.

मैनाने नाक लावलं.

टक्.

संघप्रियाचा हात सोललेला होता, मीठ लावलेले चणे त्यात झोंबले. घोडीने चणे खाल्ले, आणि तळव्यावरचं रक्तही चाटलं. गिरजाबाई एक पाऊल मागे सरकली. मैना एक पाऊल पुढे आली. नाक. टक्. चणे. बाई मागे, घोडी पुढे. लड अजून फुटतच होती. कोणीतरी डीजेवाल्याला शिवी हासडली आणि आवाज बंद झाला, लडही संपली, आणि मग चौकात फक्त ते टक् ऐकू यायला लागलं. गल्लीपर्यंत बावीस पावलं झाली. एकविसाव्या पावलाला चणे संपले. बाविसावं पाऊल मैनाने रिकाम्या हातावर टाकलं.

गल्लीत हातपंपापाशी संघप्रियाने खुशबूला खाली घेतलं. पोरगी पायावर उभी राहिली आणि तिचा पहिला प्रश्न होता, "माहं पुस्तक?"

सोमाजी भाऊंनी ते उचलून आणलं होतं. त्यांनी ते झटकलं, कपाळाला लावलं, तिच्या हातात दिलं. मग डोमाजीला म्हणाले, "पुढच्या साली ट्रॅक्टर सांगू आम्ही," आणि नातीला घेऊन गेले. जाताना खुशबूने मागे वळून मैनाला हात केला. गिरजाबाईने झेंडा पुन्हा उभा केला, ओलं झालेलं टोक पदराने पुसलं आणि कोणाशी न बोलता मिरवणुकीत मिसळली.

डोमाजी पंपाच्या ओट्यावर बसला. लगाम अजून हातात होता.

"घोडी नाई चुकली, बाबा," संघप्रिया म्हणाली. तिच्या आवाजात कुठेही माफी नव्हती. "मी चुकली. फडकं निळं घेतलं. तिले म्हटलं निळं दिसलं की नाक लाव, आन् आणली जयंतीत."

डोमाजीने मान वर केली. "म्हणजे तिनं तू सांगतलं तेच केलं?"

"तेच केलं. मारून शिकवली असती तं गेली असती पळून. तिले माह्याकडून चणे पाहिजे होते, म्हणून थांबली."

त्याने उठून मैनाचा खालचा ओठ धरला आणि तोंड उघडून पाहिलं. फेस होता. पांढरा होता, रक्ताचा नव्हता. घोडी त्याचा हात झटकून मागे सरकली, भिंतीला टेकली. तीस वर्षांत घोडी चुकली की घोडीने मार खाल्ला होता. शिकवणाराही चुकतो, असं त्या घरात आजवर कोणी म्हटलं नव्हतं.

त्याचा फोन वाजला. भट्टीवाला होता, बोलणं गल्लीभर ऐकू येत होतं.

"सकाळी सहाले पाठवून राह्यलो, डोमाजी."

"नको पाठवू."

"काऊन? घोडी बिघडली म्हणे ना. आत्ताच आयकलं, चौकात राडा केला."

"घोडी नाई बिघडली बे, शिकवणारी बिघडली. तिले नेत असशील तं घेऊन जा," डोमाजी म्हणाला आणि फोन ठेवला.

संघप्रियाने पंपाखाली हात धरला. पाणी लागताच दातांवर दात बसले. डोमाजीने दांडा हापसला, दोनदा, तीनदा.

"रंग बदल," तो म्हणाला. "पिवळं घे."

"लग्नात हळद असते. नवरदेवाच्या अंगावर जाईल."

"भगवं?"

"दसऱ्याले काय करसान?"

"हिरवं बी नाई मंग."

"नाई."

त्याने दांडा आणखी एकदा हापसला. बाहेर मिरवणूक पुन्हा सुरू झाली होती. मैनाने तिकडे कान टवकारले.

"बारदाना बांध काठीले," डोमाजी म्हणाला. "बारदान्याचा झेंडा घेऊन अजून तरी कोणी निघालं नाई."