विभूती लागलेला पापुद्रा

घरात आलेल्या प्रत्येक नव्या वस्तूला आधी विभूती लावायची, आणि ‘का’ म्हणून विचारायचं नाही. शुक्रवार पेठेतल्या शरणप्पांच्या घरचा हा नियम. त्यानंच माझा घात केला.

मी लोखंडाचा पापुद्रा बोलतोय. नखाएवढा, आणि इतका पातळ की कडक भाकरीचा पापुद्रा माझ्यापुढं घोंगडी वाटावा. शरणप्पांची नात महेश्वरी पुण्यात पदार्थविज्ञानात संशोधन करते. तिनं मला आणि माझ्या सात भावांना कापलं, आरशासारखं घासलं आणि खणांच्या डबीत ठेवलं. बोट कधी लावलं नाही; चिमट्यानंच उचलायची.

आमचं मरण ठरलेलं होतं आणि मला त्याचा अभिमान होता. परदेशात क्ष-किरणांचा लेसर आहे. तिथं आधी दुसरा एक लेसर आमच्यावर आदळणार, पृथ्वीच्या पोटात असतो तेवढा दाब आमच्यावर येणार, आणि चिंधड्या उडण्याआधी क्ष-किरणांचा झोत आमच्या अणूंची रचना टिपणार. एका पापुद्र्याला एकच संधी. दोन वर्षं अर्ज करून महेश्वरीला त्या यंत्राचे बारा तास मिळाले होते.

निघण्याआधी ती पुण्याहून दोन दिवस गावी, घरी आली. सकाळी ती आंघोळीला गेली आणि अज्जांनी, म्हणजे शरणप्पांनी, डबी उघडली. नखाएवढ्या अंगावर तीन बोटं मावेनात, म्हणून राखेचं एकच बोट ओढलं. मी चुरगळलो. म्हाताऱ्याला त्याचं काही नाही. पुढचा उचलला.

महेश्वरी ओल्या केसांनी धावत आली तेव्हा पाच जण निकामी झाले होते.

“अज्जा, हे काय केलंत?”

“चांगलंच केलं की. देवाचा हात लागला.”

“राखेच्या खुणा माझ्या चित्रात उमटतील. हे पाच आता कचरा!”

तिचे बसवेशकाका बशीतला चहा फुंकत म्हणाले, “मग झालंच की. उरलेल्या तिनांसाठी कशाला एवढ्या लांब जातीस? आजारी हाय म्हणून कळव. रविवारी अक्कलकोटची मंडळी तुला बघायला येणार हायत.”

पाचांची वाट यांनीच लावायची, आणि तीन कमी पडतात हेही यांनीच सांगायचं! ही अक्कल आम्हा लोखंडांत नाही, ते बरं आहे.

“आणि थोरल्यांना उलटून बोलायचं न्हाय,” अज्जा म्हणाले.

महेश्वरीनं मला चिमट्यानं उचलून देवाच्या तबकात टाकलं. तिथंच मी आजही बेलपानाखाली गंजतोय. कधी आलात तर मला हात जोडू नका. मी इथं का, तेवढं या घराला विचारा.

त्या सकाळी मला ठेवून ती वळली.

“हा घ्या तुमच्या देवाला. उरलेले तीन घेऊन मी जाणार. खोटं कळवणार नाही, रविवारी थांबणार नाही. का, ते विचारा. बसून सगळं समजावते. विचारा ना!”

काकांनी बशी खाली ठेवली. अज्जांचे ओठ हलले. पण तो एक शब्द या घरात कुणाच्या जिभेला वळतच नव्हता.