नागोजीच्या छातीवरची चपरास

पितळेची, वाटोळी, सरकारी मुकुट कोरलेली मी एक जुनी चपरास. मित्रांनो, कचेरीतला शिपाई मला पट्ट्याला लावून छातीवर मिरवत असे, म्हणून तर त्याला चपराशी म्हणत. म्हणजे माझ्यावरून त्याचे नाव, त्याच्यावरून माझे नाही. एवढे ध्यानात ठेवा!

बेळगावातल्या एका कचेरीत मी नागोजीच्या छातीवर कैक वर्षे होते. तो खानापूरकडचा, आवाज खणखणीत. त्याने पुकारा केला की आवारातली कुत्रीसुद्धा उठून उभी राहत. संध्याकाळी आम्ही वडगावला घरी जायचो. तिथे रवळू मागावर विणत बसलेला असे. हातातला धोटा थांबवून तो म्हणायचा, "आलास व्हय रं?" मग मला पुसून खुंटीला अडकवायचा. दोघे एका ताटात जेवत. मला त्यात नवल वाटले नाही. गल्लीलाही नाही.

पुढे कचेरीच्या आवारात शिपायांसाठी खोल्या झाल्या. बडे कारकून, म्हणजे शिरस्तेदार, मायेने म्हणाले, "नागोजी, तुलाही खोली मिळेल. पण तुझी मंडळी कुठली?"

"वडगावात असतोय जी. रवळू. माग चालवतोय."

"अरे, मंडळी म्हणजे बायको रे!"

नागोजी गडबडला. मंडळी म्हणजे घरातले माणूस, असेच तो समजला होता. "बायकू न्हाय जी," तो म्हणाला. "माझ्या घरात रवळूच हाय."

आधी सगळे हसले. मग हसणे थांबले आणि गोष्ट साहेबापर्यंत गेली. साहेब इंग्रजीत काय बोलला ते मला कळले नाही. शिरस्तेदारांनी खाली बघत सांगितले, "कायद्याने हा गुन्हा आहे. तुरुंगात घातले नाही, हेच नशीब समज. त्याला सोड, लग्न कर, तर चाकरी राहील."

मी पार चक्रावले. चोरी नाही, लाच नाही, मग गुन्हा कसला?

नागोजीने पट्टा सोडला. "चपरास सरकारची हाय, घ्या. रवळू सरकारचा न्हाय."

नंतर मी दुसऱ्यांच्या छातीवर लागले. सत्तेचाळीस साली इंग्रज गेले, तेव्हा माझ्यावरचा मुकुट कानशीने घासून काढला. मला वाटले, आता नागोजीला बोलावणे जाईल. गेले नाही. मुकुट गेला, तो कायदा मात्र होता तसाच राहिला. असे कसे, हे मला अजून उमगत नाही.

मित्रांनो, मला जपले नाहीत तरी चालेल. पण कुणी आपल्या माणसाचे नाव सांगितले, तर पहिल्यांदाच नीट ऐका. नागोजीला ते दोनदा सांगावे लागले. दुसऱ्यांदा सांगताना त्याची छाती कशी धडधडत होती, ते फक्त मला ठाऊक आहे.